लिंबाला बांधलेला कट्टा

आमच्या गल्लीत झाडाचा मान वाढला की त्याचं मरण जवळ येतं. हे मी रागानं लिहितेय आणि राग लपवायचा माझा अजिबात विचार नाही. पाण्यावाचून वाळलेली झाडं मी पाहिलीत, शेळ्यांनी ओरबाडलेली पाहिलीत, विजेच्या तारेला लागतात म्हणून बोडकी केलेलीही पाहिलीत. पण चांगली वाढलेली, सावली द्यायला लागलेली झाडं माणसांनी हळदकुंकू वाहून, नारळ फोडून, फोटो काढून मारली, हे मात्र इथेच पाहिलं.

आमची गल्ली म्हणजे बिदर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचं मागचं टोक. पुढे बसस्टँड आहे, तिथून उमरग्याला आणि सोलापूरला गाड्या सुटतात, दुकानं आहेत, दिवे आहेत. मागे नाला आणि नाल्याच्या काठाला आम्ही. मी लग्न होऊन आले तेव्हा रिक्षावाला गल्लीच्या तोंडाशीच ब्रेक मारायचा आणि म्हणायचा, "इधरीच उतरो अम्मा, अंदर नै आता मैं." सगळ्या गावाचा कचरा आमच्या नाल्यात यायचा. घरं पत्र्याची, जमीन लाल दगडाची, आणि झाड म्हणाल तर एक नाही. उन्हाळ्यात दुपारी घरात बसवत नसे आणि बाहेर उभं राहवत नसे. या गल्लीत पोरगी द्यायला लोक कचरायचे. माझ्या माहेरच्यांना कुणी काही सांगितलं नाही म्हणून मी इथे आले.

आले ती थोरल्या जावेच्या हाताखाली. तिला मी अक्का म्हणते. तिचं माहेर निर्णा, घर शेतकऱ्याचं. घरात आम्ही कन्नड बोलतो, गल्लीत मराठी, आणि भांडण असेल तर दोन्ही. दोघींचा धंदा एकच, ज्वारीच्या कडक भाकरी. पहाटे आधण ठेवायचं, काठवटीत पीठ मळायचं, थापायचं, भाजायचं, आणि चुलीच्या उबेला उभ्या करून पापडासारख्या वाळवायच्या. त्या खाणावळीत जातात, टोपल्यात बांधून बसनं हैदराबादलाही जातात. काम नाजूक आहे. ओलसर राहिली तर बुरशी येते, जास्त भाजली तर प्रवासात चुरा होतो. अक्काची भाकरी अशी की दिव्यासमोर धरली तर पलीकडचा उजेड दिसावा.

पण ही सगळी भट्टी पत्र्याच्या खोलीत. एका वैशाखात अक्का चुलीपुढेच भोवळ येऊन पडली आणि तिचा हात तव्यावर गेला. डॉक्टरांनी हाताला मलम लावलं आणि सांगितलं की पत्र्याखाली, विस्तवापुढे बसणं बंद करा. बंद करून खायचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही. त्या वेळी तिचे यजमान, म्हणजे माझे भावजी, दम्यानं बेजार होते. अक्का हात बांधून दारात बसली होती. समोरच्या रिकाम्या, रखरखीत जागेकडे बघत ती मला म्हणाली, "इथं एक लिंब पायजे होता गं."

झाडं लावायचा कार्यक्रम गल्लीत दरवर्षी व्हायचाच. पावसाळ्यात नगरपालिकेतले आमचे मेंबर चार माणसं आणि एक फोटोवाला घेऊन यायचे, मागच्या वर्षीच्या वाळलेल्या काटकीला उपटून त्याच खड्ड्यात नवं रोप खोचायचे आणि चहा पिऊन जायचे. मागच्या वर्षीचं कुठं गेलं, असं विचारलं की "तुमी लोकं जपतच न्हाईत" असं आम्हालाच ऐकवायचे. पाण्याचा नळ गल्लीत एक दिवसाआड, तोही करंगळीएवढा. जपायचं ते आमच्या घामानं की काय?

अक्कानं मेंबरची वाट पाहिली नाही. कडुलिंबाची रोपं मोऱ्यांच्या कडेला आपोआप उगवतात, पाखरांच्या कृपेनं. तिनं तशी पाच रोपं उचलली आणि पाच घरांपुढे लावली. टिकावानं खड्डा खणताना दगडातून ठिणग्या उडत होत्या. आम्ही नाल्यापलीकडच्या शेतातून माती आणून खड्डे भरले आणि बाभळीच्या काट्या रोवल्या. आणि पाणी? काठवट धुतलेलं, भाकरीवर फिरवायचं फडकं पिळलेलं, भांड्यांचं, आंघोळीचं. एक थेंब नाल्यात जाऊ द्यायचा नाही, असा अक्काचा दंडक. सकाळी ती दारोदार विचारायची, "झाडाला पाणी घातलाव का?" जेवलाव का, हे ती नंतर विचारायची. लोक तिला हसायचे, पण तिच्या तोंडाला भिऊन पाणी घालायचे. शेळ्यावाल्या बाईशी तर तिची अशी जुंपली की दोघींच्या तोंडची कन्नड ऐकून मीच कानावर हात ठेवले.

लिंब आमच्या अपेक्षेपेक्षा लवकर वाढले. काही वर्षांत त्यांच्या फांद्या पत्र्यावर आल्या आणि गल्लीचा रंगच पालटला. भाजीचा गाडा आत यायला लागला, कारण गाडेवाल्यालाही उभं राहायला सावली हवी असते. बांगडीवाली तिथेच टोपली उतरवायला लागली. रिक्षा दारापर्यंत यायला लागली. बाया धान्य निवडायला झाडाखाली बसायला लागल्या, आणि सावलीत बसलेल्या बाया कचरा टाकू देत नाहीत, म्हणून नाल्याची कडसुद्धा स्वच्छ व्हायला लागली. मुलगी पाहायला आलेले पाहुणे आमच्या लिंबाखाली सतरंजीवर बसून चहा प्यायले आणि सोयरीक ठरवून गेले. अक्कानं चूल बाहेर आणली. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत ती झाडाखाली थापायची. भावजीही तिथेच बाजेवर पडून असायचे. त्यांना शेवटी शेवटी श्वास जरा सोपा जायचा तो त्या झाडाखालीच, असं ते स्वतः म्हणायचे.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग लोकांना झाडांचा मान ठेवायची बुद्धी झाली.

आमच्या भागात गावोगावी वेशीत लिंब किंवा पिंपळ असतो आणि त्याला कट्टा असतो. संध्याकाळी माणसं तिथे बसतात, पंचायती तिथे होतात. कट्टा असलेलं झाड म्हणजे प्रतिष्ठेचं झाड. पण ते जुने कट्टे दगड नुसते रचून केलेले, चांगले रुंद, आत माती मोकळी. बायकांनी वाहिलेलं तांब्याभर पाणी सरळ मुळाला जायचं. आमच्या गल्लीला मात्र दगड-माती जुनाट वाटली. "झाड उघडं दिसायलंय," असं जो तो म्हणायला लागला. आणि ज्यांनी एवढी वर्षं झाडांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते मेंबर पुढे झाले.

पहिला कट्टा त्यांनी कोपऱ्यावरच्या लिंबाला बांधून दिला. कामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार आला, गवंडी आले. कमरेएवढी वीट उभी केली, आत मुरूम ठासला, वर सिमेंट ओतलं आणि त्यावर चकचकीत फरशी बसवली. खोडाभोवती बोट घालायला जागा ठेवली नाही. समोर काळ्या दगडावर मेंबरचं नाव, तेही झाडाच्या खोडापेक्षा रुंद. हार, नारळ, पेढे. मी तेव्हाच म्हटलं की पाणी कुठून जाणार, तर गवंडी हसला आणि म्हणाला, "झाड मोठं झालंय की आता, त्याला कशाला पाणी?"

मग चढाओढ सुरू झाली. आमच्यात वडीलधारं माणूस गेलं की त्याच्या नावानं काहीतरी करायची रीत आहे. कुणी शाळेला भांडी देतं, कुणी मठात जेवण घालतं. गल्लीनं ठरवलं की कट्टा द्यायचा. कुणाच्या आईच्या नावानं एक झाला, कुणाच्या आजोबांच्या नावानं त्याहून उंच झाला. निवृत्त झालेले एक मास्तर आमच्या शेजारी राहतात. त्यांनी वडिलांच्या नावानं बांधला तो सर्वांत देखणा, कडेला नक्षीची पट्टी असलेला. आणि मला सर्वांत जास्त चीड कशाची आली ते सांगते. ज्या बायांनी इतकी वर्षं भांड्यांचं पाणी झाडाला घातलं होतं, त्यांना आता त्यांच्याच घरातले पुरुष ओरडायला लागले, "फरशीवर डाग पडायलेत, खरकटं पाणी वततीस कामून?" बायांनी पाणी परत नाल्यात ओतायला सुरुवात केली.

पुढच्या पाडव्याला सगळ्या तालुक्यात लिंब तांबूस पालवीनं आणि फुलांनी भरले होते. आमच्याकडे युगादीला लिंबाचा मोहोर आणि गूळ खातात. मेंबरच्या कट्ट्यावरच्या झाडाला एक पान फुटलं नव्हतं. माणसं मान वर करून बघायची आणि म्हणायची, नजर लागली. मग फांदीला लिंबू-मिरच्या बांधल्या, काळी बाहुली टांगली. कुणी फरशीवरच खत पसरलं, ते झाडूवालीनं दुसऱ्या दिवशी झाडून नेलं. सगळं केलं, पण मान खाली घालून बुडाकडे कुणी पाहिलं नाही. पुढच्या वर्षी आणखी दोन झाडं वाळली आणि मास्तरांच्या झाडाची एक बाजू बोडकी झाली. मी त्यांना तोंडावर सांगितलं, "मास्तर, सिमेंटनं जीव घोटलाय त्याचा."

मास्तर शांतपणे म्हणाले, "सिमेंटनं झाड मरतंय व्हय? भिंतीत पिंपळ उगवतोय की."

"तो भिंत फोडून उगवतो, मास्तर."

"तुमाला कट्ट्याचं वावडं हाय, दुसरं काय न्हाई," असं म्हणून ते त्याच कट्ट्यावर पेपर उघडून बसले. डोक्यावर ऊन होतं, म्हणून त्यांनी टॉवेल घेतला. आता यांच्याशी बोलायचं तरी काय?

पाचातला आमचा एकच लिंब धडधाकट होता, कारण अक्काच्या चुलीपाशी कट्टा बांधायची कुणाची छाती झाली नव्हती. त्या साली भावजी गेले. त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, हैदराबादला नोकरी करतो. गुणी आहे, आईवर त्याचा जीव आहे. त्याचं म्हणणं, अव्वानं आता भाकरी थापू नयेत, हैदराबादला येऊन राहावं. अक्काचं उत्तर ठरलेलं, "माझं झाड हाय तवर मी इथंच." बंद खोल्यांच्या त्या घरात ती एकदा चार दिवस राहून आली होती आणि आल्या आल्या झाडाखाली जाऊन बसली होती.

वर्षाच्या पुण्यतिथीआधी अक्का माहेरी एका लग्नाला गेली. तेवढ्यात पुतण्या आला, सोबत गवंडी. आईला चकित करायचं होतं. मी आडवी गेले. चूल उचलू देईना. तर तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "काकू, सगळ्यांच्या बापाचं नाव गल्लीत हाय. माझ्याच अप्पाचं नको व्हय तुमाला?" मी पडले धाकटी जाऊ. चुलीपुढून बाजूला झाले आणि स्वतःवरच चरफडत राहिले. संध्याकाळपर्यंत आमच्या लिंबालाही मुरूम ठासून झाला, सिमेंट झालं, भावजींच्या नावाचा काळा दगड बसला. सकाळी जंगमस्वामी, म्हणजे आम्हा लिंगायतांचे पुरोहित, पूजेला यायचे होते.

अक्का शेवटच्या उन्हात बसस्टँडवरून पिशवी घेऊन चालत आली आणि जागच्या जागी थांबली. गल्ली जमलीच होती. सगळ्यांना वाटलं, हिला गहिवरून येणार. ती पुढे झाली, नावाच्या दगडावर हात ठेवला, वाकून नमस्कार केला. मग हात खोडावर नेला आणि खाली सरकवत आणला, सिमेंटपर्यंत. मुलगा म्हणाला, "अव्वा, आवडलं न्हाई का?"

"अप्पाला कसं पुरलाव, ध्यानात हाय का तुझ्या?"

त्यानं मान हलवली.

"आपल्यात माणसाला मेल्यावर बसवून पुरत्यात. तू ह्याला जित्तं असताना उभं पुरलास."

पुतण्या खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्यानं विचारलं, "आता काय करू?" अक्का म्हणाली, "फोड." सिमेंट अजून ओलं होतं. त्यानं घरातली पहार आणली आणि दिवे लागेपर्यंत एकट्यानं सगळं फोडून, मुरूम उपसून बाहेर काढला. नावाचा दगड मी पदरानं पुसून घरात देवापाशी ठेवला. सकाळी स्वामी आले, विटांचा ढीग पाहून त्यांनी फक्त एवढंच विचारलं की नारळ कुठं फोडू. अक्कानं मुळापाशी बोट दाखवलं. त्यांनी तिथे फोडला, पाणी मातीत गेलं, आणि स्वामी जेवून गेले.

स्वामींना चाललं, पण गल्लीला चाललं नाही. पोरानं बापाचा कट्टा फोडला, बायकोनं नवऱ्याचं नाव पुसलं, असं महिनाभर चघळलं. हे बोलणाऱ्यांत ज्यांच्या आईबापाच्या नावाच्या दगडामागे वाळकी खोडं उभी होती, तेच पुढे होते. मला प्रत्येकाच्या दारात जाऊन भांडावंसं वाटायचं. दोघांच्या दारात गेलेही. अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे, भाकरी करपायल्यात."

आणि आता यंदाचा उन्हाळा. तीन झाडं पार वाळली, मास्तरांच्या झाडाला एकाच फांदीवर हिरवं उरलंय. गल्लीत सावली उरली ती फक्त आमच्या दारात. मग काय, सगळी गल्ली आमच्या दारात. सकाळी पेपर घेऊन मास्तर, त्यांच्यामागून खुर्च्या घेऊन बाकीचे. येईनात का, सावली कुणाच्या मालकीची नसते. पण परवा त्यांतला एकजण काय म्हणाला? "अक्का, चूल जरा तिकडं सरकवा की, धूर यायलाय." तिकडं म्हणजे उन्हात. दुसरा म्हणाला, "अन् बसायला काय सोय न्हाई बगा इथं."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ज्या बाईनं ही सावली पिळलेल्या फडक्याच्या पाण्यावर वाढवली, तिलाच उन्हात बसवायला निघालात? लाज वाटते का? तर उत्तर आलं, "झाड काय एकट्या तुमचं हाय का? गल्लीचं हाय." झाडाला पाणी घालायच्या वेळी ही गल्ली कुठं होती, हे मी विचारलं. त्यावर सगळे पेपरात बघायला लागले. अक्कानं चूल बोटभरही हलवली नाही. धूर वाऱ्यानं जिकडे गेला तिकडून खुर्च्या सरकत राहिल्या.

जरा वेळानं मास्तर घसा खाकरून म्हणाले की असं करून चालायचं नाही, येत्या पावसाळ्यात प्रत्येकानं आपल्या दारात नवीन लिंब लावायचा. माना हलल्या. "आणि औंदा एक चूक करायची न्हाई," असं ते म्हणाले तेव्हा माझा राग खरोखर उतरायला लागला. उशिरा का होईना, कळलं म्हणायचं.

"झाड मोठं झाल्यावर कट्टा बांधला की मुळं दुखावत्यात," मास्तर म्हणाले. "औंदा कट्टे आधी बांधून घेऊ. फरशी बसली की मधी रोप लावू."

"बराबर," सगळे म्हणाले. मेंबरांशी आजच बोलतो, असंही एकजण म्हणाला.

अक्कानं हातातली भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि कामाच्या मधेच उठली. असं ती कधी उठत नाही. शेजारच्या दारात मास्तरांच्या लिंबाची ती एक हिरवी फांदी हलत होती, तिकडे तिनं एकदा पाहिलं.

"तेवढी भाकरी उलट," ती मला म्हणाली. "अन् पहार कुठं ठिवलीस गं?"